अंगाप्रमाणे आपोआप जुळणारा सीटबेल्ट नेमके काय जुळवतो?

कृष्णाकाठची (प्रश्न)

नमस्कार. माझी उंची चार फूट दहा इंच, म्हणजे सुमारे १४७ सेंटिमीटर आहे. साताऱ्याहून कोरेगावजवळच्या शाळेत मी रोज स्वतः गाडी चालवत जाते. तीच गाडी सुट्टीच्या दिवशी आमचे हे चालवतात आणि ते पावणेसहा फुटांच्या वर आहेत. त्यांच्या खांद्यावर सीटबेल्ट चित्रातल्यासारखा बसतो. माझ्या मात्र तो थेट मानेला लागतो आणि उन्हाळ्यात अर्ध्या तासात तिथे लाल वळ उठतो. या जाचाला कंटाळून मी गेली दोन वर्षे खांद्यावरचा पट्टा काखेखालून घेते, हे आधीच कबूल करते. मध्यंतरी पट्टा सैल धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा एक चिमटाही ऑनलाइन मागवला होता.

गेल्या वर्षी बातमी वाचली की माणसाची उंची, वजन आणि बसण्याची ढब ओळखून स्वतःला जुळवून घेणारा पट्टा एका स्वीडिश कंपनीने तयार केला आहे. तेव्हापासून मनात प्रश्न आहे की हा पट्टा माझ्या मानेवरून खरोखर बाजूला होईल का, आणि आमच्या सहा वर्षांच्या गाडीला असे काही नंतर बसवून मिळते का? आईचाही प्रश्न आहे. तिचे वय चौऱ्याहत्तर, वजन जेमतेम बेचाळीस किलो, आणि ती नऊवारी नेसते. तिला मागच्या सीटवर पट्टा लावला की तो पोटावर चढतो.

पीळसळई

ताई, मी चाकण परिसरात गाड्यांच्या सीटबेल्टच्या रचनेचे काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण वाचलेली बातमी व्होल्वोची असणार. जून २०२५ मध्ये त्यांनी हा पट्टा जाहीर केला आणि ईएक्स६० या विजेवरच्या गाडीत तो प्रथम येईल असे सांगितले. मात्र ‘जुळवून घेणे’ या शब्दाने बहुतेक वाचकांची जी समजूत होते, ते काम तो पट्टा करत नाही. पट्टा अंगावर कुठून जातो हा एक प्रश्न आणि अपघाताच्या क्षणी तो अंगाला किती जोराने धरतो हा दुसरा. आपली तक्रार पहिल्या प्रश्नाची आहे आणि बातमीतली करामत दुसऱ्याची.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण खरी गंमत तिथे आहे. पट्ट्याचे रीळ खांबाच्या तळाशी असते. गाडी अचानक मंदावली किंवा पट्टा झटक्याने ओढला गेला की ते अडकते, हे सर्वांना ठाऊक असते. बऱ्याच गाड्यांत त्याच्यासोबत बारुदाची एक लहानशी कुपीही असते. टक्कर झाल्यावर सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात ती पेटते आणि पट्ट्यातली ढिलाई आत ओढून घेते. त्यानंतर माणूस पुढे फेकला जाऊ लागतो व सगळा भार पट्ट्यावर येतो. पट्टा तेव्हा अजिबात हलला नाही, तर बरगड्या मोडतील. म्हणून रिळाच्या पोटात एक पोलादी सळई बसवलेली असते, जी ठराविक भारानंतर पीळ खाते आणि पट्टा थोडा थोडा सोडत जाते. हा भार सर्वसाधारणपणे चार ते सहा किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने चारशे ते सहाशे किलो वजनाइतका असतो. माझे इथले टोपणनाव त्याच सळईवरून घेतले आहे.

आता पाहा, ही सळई एकच आणि माणसे नाना तऱ्हेची. नव्वद किलोच्या माणसात पंचेचाळीस किलोच्या माणसाच्या दुप्पट ऊर्जा असते. सळई मऊ ठेवली तर तो स्टिअरिंगपर्यंत जाऊन आदळेल; कडक ठेवली तर आपल्या आईसारख्या कृश व्यक्तीच्या छातीवर विनाकारण जास्त भार येईल, तोही पुढे मोकळी जागा शिल्लक असताना. यावर तोडगा म्हणून आधी दोन-तीन टप्प्यांच्या सळया आल्या. व्होल्वोने ते टप्पे तीनवरून अकरावर नेले आहेत. गाडीच्या आतले व बाहेरचे संवेदक बसणाऱ्याचा बांधा, बसण्याची जागा आणि टकरीची तीव्रता यांचा अंदाज घेतात व त्याप्रमाणे भार ठरवतात. दणकट माणूस आणि मोठी टक्कर असेल, तर डोके आदळू नये म्हणून पट्टा घट्ट धरतो. लहान चणीचा माणूस आणि सौम्य टक्कर असेल, तर बरगड्या वाचाव्यात म्हणून सैल सोडतो.

हे सगळे होते ते टक्कर झाल्यावर. रोजच्या सातारा-कोरेगावच्या प्रवासात तो पट्टाही आपल्या मानेला तसाच लागेल, जर त्याचा वरचा हूक चुकीच्या उंचीवर असेल!

जागेच्या बाबतीत आपोआप जुळणाऱ्या रचना तुरळक आहेत. १९८९ च्या मर्सिडीज एसएलमध्ये पट्टा खांबाऐवजी सीटमधूनच निघत असे, त्यामुळे सीट पुढे सरकवली तरी पट्टा सोबत येई. ती रचना महाग आणि जड पडते, कारण टकरीचा सगळा भार मग सीटच्या सांगाड्याने पेलायचा असतो. काही महागड्या गाड्यांत बक्कल लावल्यावर मोटर पट्टा हलकेच ओढून ढिलाई काढते, हेही एक प्रकारचे जुळवणेच म्हणता येईल. बाकी सर्वत्र हे काम माणसाच्या हातावर सोडलेले आहे.

नंतर बसवून घेण्याचा विचार मात्र कृपया सोडून द्या. रीळ, कुपी, एअरबॅग आणि त्यांना हुकूम देणारा संगणक यांची घडी एकत्र बसवलेली असते. त्यातला एक भाग बाजारातून आणून बदलणे म्हणजे घड्याळात दुसऱ्या घड्याळाचे चाक घालण्यासारखे आहे. आपल्या गाडीतच काय सापडते ते आधी पाहा. दोन दारांमधल्या खांबावर, पट्टा जिथून खाली येतो तिथे, दाबण्याचे बटण किंवा वरखाली सरकणारा हूक आहे का? चालकाच्या सीटच्या बाजूला ती उचलण्याचा दांडा आहे का? दोन्ही असतील तर आपला मानेचा त्रास आजच संपू शकेल.

रात्रपाळी

मी पुण्यात अपघात विभागात परिचारिका आहे. पीळसळई यांनी काखेखालच्या पट्ट्याबद्दल काहीच लिहिले नाही, म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहिते.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे येतो. तो उजव्या काखेखालून घेतला की टकरीचा भार उजवीकडच्या खालच्या बरगड्यांवर पडतो आणि त्यांच्या लगेच आत यकृत असते. शेजारी डावीकडे बसणाऱ्याने असे केले तर तिथे प्लीहा असते. खांदा, गळ्याखालचे आडवे हाड, छातीचे मधले हाड आणि कमरेची हाडे भार सोसू शकतात, म्हणून पट्टा त्यांच्यावरून नेलेला आहे. शिवाय काखेखालच्या पट्ट्याने धडाचा वरचा भाग मोकळा राहतो आणि डोके पुढे जाते.

तोच हिशेब कमरेच्या पट्ट्याला लागू होतो. तो पोटावर असला तर माणूस त्याच्याखालून पुढे घसरतो आणि आतडी चिरडली जातात. आईंना बसवताना कमरेची गाठ आणि निऱ्यांचा फुगा वर सरकवून पट्टा त्यांच्या खालून, मांड्यांच्या मुळाशी टेकेल असा लावावा आणि मग खांद्याकडचा भाग वर ओढून ढिलाई काढावी. गर्भवतींनाही आम्ही हेच सांगतो की खालचा पट्टा पोटाच्या खाली आणि वरचा छातीच्या मधून जायला हवा. पाठीमागे किंवा बुडाखाली मऊ उशी देऊ नका. उशी दबते आणि घसरणे सोपे होते.

तो चिमटा आजच फेकून द्या. पट्टा अंगापासून चार बोटे सैल ठेवणे हे त्याचे कामच आहे.

हडसनकाठचा_जोशी

‘आपोआप’ या शब्दाने मला जुने दिवस आठवले. मी १९९३ साली न्यू जर्सीत आलो, तेव्हा घेतलेल्या पहिल्या जुन्या गाडीत मोटरवर चालणारा पट्टा होता. दार लावून किल्ली फिरवली की दाराच्या वरच्या पट्टीतून एक हूक घर्र आवाज करत मागे सरकायचा आणि पट्टा आपोआप खांद्यावरून यायचा. भारतातून पाहुणे आले की हा प्रकार दाखवण्यासाठी मी विनाकारण गाडी बंद-चालू करत असे.

यामागची हकीकत रंजक आहे. अमेरिकेच्या परिवहन खात्याने १९८४ मध्ये आदेश काढला की १९८७ च्या मॉडेलांपासून टप्प्याटप्प्याने, बसणाऱ्याने काहीही न करता त्याचे रक्षण करील अशी सोय गाड्यांत असली पाहिजे. सोय म्हणजे एअरबॅग किंवा आपोआप बसणारा पट्टा. एअरबॅग तेव्हा महाग होती, म्हणून अनेक कंपन्यांनी पट्ट्याचा मार्ग धरला. गंमत अशी की आपोआप येणारा तो पट्टा फक्त खांद्याचा होता. कमरेचा पट्टा हाताने लावायचा असे आणि खांद्यावर काहीतरी आल्यामुळे आपण बांधले गेलो आहोत असे वाटून अनेक जण तो लावतच नसत. मीही त्यांतलाच होतो, आणि ‘रात्रपाळी’ यांनी सांगितलेला, पट्ट्याखालून घसरण्याचा धोका आम्ही रोज पत्करत होतो. पुढे १९९८ च्या मॉडेलांपासून मोटारींत पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या झाल्या आणि तोवर ही घर्र करणारी जमात बाजारातून गेलीच होती.

व्होल्वोमध्येच १९५९ साली निल्स बोलिन या अभियंत्याने तीन बिंदूंचा, म्हणजे खांदा आणि कमर दोन्ही धरणारा पट्टा आणला आणि कंपनीने त्याचे पेटंट सर्वांना खुले केले. तो एका हाताने, एकाच हालचालीत लागत असे, आणि मला तरी त्या मोटरवाल्या पट्ट्यापेक्षा तोच अधिक ‘आपोआप’ वाटतो.

म्हापशेकर

अकरा टप्पे, संवेदक वगैरे वाचून बरे वाटले. पण आमच्याकडे पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या निम्म्या गाड्यांत मागच्या सीटचे बक्कल नव्या सीट कव्हरखाली गाडलेले असते. मागितले तर चालक म्हणतो, “मागे कोण लावतो?” सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला, तेव्हा मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता अशी माहिती पुढे आली. त्यानंतर महिनाभर सगळे मागच्या पट्ट्याबद्दल बोलत होते. पट्टा न लावल्यास वाजणारा भोंगा बंद करण्यासाठी खोटे बक्कल विकले जाते, आणि ते विकणाऱ्या पाच संकेतस्थळांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ती विक्री थांबवायला सांगितले. ज्या देशात माणूस पट्ट्याला फसवण्यासाठी पैसे मोजतो, तिथे पट्ट्याने माणसाला ओळखून काय उपयोग?

पीळसळई

म्हापशेकर, कव्हरखालच्या बक्कलाबद्दल आपले म्हणणे शंभर टक्के मान्य. उपयोगाबद्दल मात्र असहमत आहे, कारण पट्टा नीट लावणाऱ्यांमध्येही सर्वांना सारखे संरक्षण मिळत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अमेरिकेतील समोरासमोरच्या टकरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पट्टा लावलेल्यांमध्ये गंभीर दुखापतीची शक्यता स्त्रियांच्या बाबतीत पुरुषांपेक्षा ७३ टक्क्यांनी अधिक आढळली, आणि हा आकडा उंची, वय, टकरीची तीव्रता यांचा हिशेब करूनच काढलेला आहे. आमच्या क्षेत्रात दशकानुदशके माणसाऐवजी ज्या पुतळ्याला गाडीत बसवून टकरीच्या चाचण्या झाल्या, तो सुमारे १७५ सेंटिमीटर उंचीचा, ७८ किलोचा पुरुष आहे. स्त्रीचा म्हणून जो पुतळा वापरतात, तो जवळपास दीड मीटर उंचीचा, मुळात त्याच पुरुषाला आखूड करून बनवलेला. सरासरी स्त्रीच्या बांध्याचा पुतळा स्वीडनमध्ये संशोधक ॲस्ट्रिड लिंडर यांच्या चमूने दाखवला तो २०२२ मध्ये. ताईंच्या मानेवरचा वळ याच इतिहासातून आलेला आहे.

कृष्णाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. काल शाळेतून आल्यावर बॅटरी घेऊन गाडीत बसले. खांबावरच्या हुकाला खरोखरच बटण आहे. सहा वर्षांत मी त्याला शोभेचे झाकण समजत होते. धुळीने ते इतके घट्ट बसले होते की दोन्ही अंगठे लावावे लागले. एकूण चार खाचा निघाल्या आणि हूक सर्वांत वरच्या खाचेत होता. तो तळाला आणला, सीट दांड्याने सात-आठ वेळा उचलली, आणि पट्टा मानेपासून सरकून खांद्याच्या मध्यावर आला. सीट वर आल्यामुळे बॉनेटही दिसू लागले. आज कोरेगावला जाऊन आले आणि वळ उठला नाही.

आमच्या ह्यांना दर रविवारी हूक वर करायची आठवण राहावी, म्हणून खांबाच्या प्लॅस्टिकवर दोन टिकल्या लावल्या आहेत. खालची लाल माझी, वरची काळी त्यांची. चिमटा कचऱ्यात गेला. आईच्या निऱ्यांचा प्रयोग अंगणात उभ्या गाडीत करून पाहिला. कमरेचा पट्टा आता मांडीवर बसतो, पण मागच्या सीटला वरचा हूक हलवण्याची सोयच नाही. तिथे काय करावे?

पीळसळई

मागच्या सीटला ती सोय सहसा नसते. शिवाय बऱ्याच गाड्यांत मागच्या पट्ट्याला ढिलाई ओढणारी कुपीही नसते आणि पीळ खाणारी सळईही नसते. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये याच कारणासाठी आपल्या समोरच्या टकरीच्या चाचणीत मागे लहान चणीचा पुतळा बसवायला सुरुवात केली. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पुढच्या पट्ट्याला या दोन्ही सोयी आहेत असे लिहिले असेल, तर आईंना पुढे आपल्या शेजारी बसवा. सीट पूर्ण मागे सरकवा, पाठ सरळ ठेवा आणि डावीकडच्या खांबावरचा हूकही तळाला आणा. तिथेही एक टिकली लागेल.