डिस्क भरली म्हणून टॉमकॅट बदलायचं?

रातपाळी:
काल 'कोथरूडचा कोडर' यांनी लिहिलं, "सर्व्हरची डिस्क भरली की ट्रीमॅपवालं टूल चालवा आणि सगळ्यात मोठा चौकोन उडवा, पाच मिनिटांचं काम. टॉमकॅट काढून एंजिनएक्स टाका, म्हणजे ही कटकटच संपेल." ट्रीमॅप म्हणजे डिस्कवरच्या फाइली आकाराप्रमाणे लहानमोठ्या चौकोनांत दाखवणारं चित्र. टॉमकॅट हा जावाचे वेब प्रोग्रॅम चालवणारा सर्व्हर, एंजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर. हे दोन्ही सल्ले घातक आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या एका क्लायंटचं पोर्टल बसलं. 40 जीबीची डिस्क, डिस्क किती भरली ते सांगणारं डीएफ म्हणतंय 100 टक्के. फाइलींचे आकार मोजणारं डीयू मारलं तर बेरीज 12 जीबी. त्याचाच भाऊ एनसीडीयू लावलं, तेही 12. दुपारी एका सहकाऱ्याने असाच 'मोठा चौकोन' उडवला होता. टॉमकॅट चालू असताना त्याने कॅटलिना डॉट आउट या टॉमकॅटच्या लॉगवर (प्रोग्रॅमच्या नोंदींच्या फाइलवर) थेट आरएम, म्हणजे फाइल पुसायची कमांड, मारली. नाव गेलं, पण जावाच्या प्रोसेसने फाइल उघडी धरलेली, त्यामुळे जागा सुटलीच नाही. उलट त्याच बेनामी फाइलमध्ये लिहिणं चालूच राहिलं. शेवटी उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफच्या एका ओळीवर 26 जीबी आणि शेजारी 'डिलीटेड' दिसलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. रीस्टार्ट केलं आणि जागा परत आली. अशी फाइल काढायची नसते, जागच्या जागी रिकामी करायची असते. हे कुठल्याही चौकोनात दिसत नाही.

कोथरूडचा कोडर:
चूक सहकाऱ्याची आणि शिक्षा टूलला? 1990 मध्ये मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत 80 एमबीची एक हार्ड डिस्क 14 जण वापरायचे. ती भरली की कोणाचं काय पडलंय ते कळेना, त्यातून त्यांना ट्रीमॅप सुचला. म्हणजे सामायिक मशिनचंच दुखणं होतं. माझ्या लॅपटॉपवर विझट्री हे ट्रीमॅपवालं टूल विंडोजच्या एनटीएफएस फाइल-व्यवस्थेची एमएफटी, म्हणजे सगळ्या फाइलींची नोंदवही, थेट वाचतं आणि काही सेकंदांत चित्र समोर ठेवतं. तुम्ही बसा डीयू मारत.

शेलवाली:
लॅपटॉप आणि प्रॉडक्शन (लोक प्रत्यक्ष वापरतात तो सर्व्हर) एका मापाने मोजू नका. एकदा आमच्या डिस्कवर निम्मी जागा मोकळी होती आणि तरी नवी फाइल बनेना. आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीमागे लागणाऱ्या ठरावीक नोंदी, संपले होते. सेशनच्या (वापरकर्त्यांच्या भेटींच्या) लाखो चिमुकल्या फाइली, आकाराच्या नकाशात त्यांचा ठिपकाही उमटत नाही. डीएफला आयनोड विचारावे लागतात.

रातपाळी, तुमचा हिशेब मात्र जुळत नाही. 12 आणि 26 म्हणजे 38. बाकीचे 2 कुठे गेले?

रातपाळी:
लिनक्सची ईएक्सटी4 फाइल-व्यवस्था मुळातच 5 टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मुख्य प्रशासकासाठी, राखून ठेवते, 40 चे 2. टॉमकॅट रूटखाली चालत नव्हतं, त्यामुळे त्याच्या लेखी डिस्क संपली. हे आधीच लिहायला हवं होतं.

विंडोजकर:
सर्व्हर बदलून काय होणार? विंडोजचा वेब सर्व्हर आयआयएस स्वतःचे जुने लॉग कधीच पुसत नाही. त्याच्या इनेटपब फोल्डरमध्ये वर्षानुवर्षांचे साठतात. एंजिनएक्सचीही फाइल नुसती हलवली तर ते तिच्यातच लिहीत राहतं, फाइल नव्याने उघडायला सांगणारा यूएसआर1 सिग्नल द्यावा लागतो. आणि तुमची वॉर फाइल (जावाच्या वेब प्रोग्रॅमचं गाठोडं) एंजिनएक्स चालवणार आहे का?

जुना जावावाला:
खरा गुन्हेगार सगळे सोडून देताय. टॉमकॅटच्या स्वतःच्या लॉगला तारखेप्रमाणे नवी फाइल मिळते. कॅटलिना डॉट आउट फुगते ती डेव्हलपरांच्या सिस्टिम डॉट आउट डॉट प्रिंटएलएनमुळे, म्हणजे जावात थेट ओळ छापायच्या आज्ञेमुळे. मी एका ठिकाणी लूपच्या आत "इथे आलो" छापणारी ओळ पाहिली आहे, प्रॉडक्शनमध्ये! पंधरा वर्षं हेच निस्तरतोय. वेळ आणि पातळीसकट नोंद करणारा लॉगर वापरायला जीव जातो का?

कोथरूडचा कोडर:
आला डेव्हलपरांवर राग! काका, जग कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम लागणाऱ्या सगळ्या सामानासकट चालवणाऱ्या बंद डब्यात) गेलं. तिथे स्टँडर्ड आउटपुटवरच, म्हणजे प्रोग्रॅमच्या नेहमीच्या छापायच्या वाटेवर, लिहायचं असतं, फाइल सांभाळणं हे प्लॅटफॉर्मचं काम. तुमच्या काळचे नियम आमच्यावर लादू नका.

जुना जावावाला:
काका म्हणून गप्प करू नका. "इथे आलो" ही ओळ कंटेनरमध्ये गेली म्हणून शहाणी होत नाही. तिला ना वेळ, ना पातळी. रात्री तीनला ती वाचणारा माणूस तुम्ही नसता.

शेलवाली:
दोघंही थांबा. कोडर, स्टँडर्ड आउटपुटचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचा लॉग साठवणारा नेहमीचा जेसन-फाइल ड्रायव्हर मुळात आकाराची कुठलीच मर्यादा लावत नाही. मॅक्स-साइझ, म्हणजे ती मर्यादा, तुम्ही दिली आहे का? नसेल, तर तीच कॅटलिना डॉट आउट नाव बदलून तुमच्याकडे बसली आहे.

रातपाळी:
आणि जुने लॉग बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटचं कॉपीट्रंकेट (प्रत काढून मूळ फाइल रिकामी करणं) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते आधी प्रत काढतं. डिस्क भरल्यावर प्रत ठेवायला जागा कुठून आणणार? शिवाय प्रत आणि पुसणं यांच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी जातात.

कोथरूडचा कोडर:
आत्ताच बघून आलो. मॅक्स-साइझ दिलेली नव्हती, एका कंटेनरचा लॉग 9 जीबीवर गेलाय. ठीक आहे, चालू सर्व्हरवर चौकोन बघून फाइल उडवू नये आणि टॉमकॅटचा दोष नाही, एवढं मान्य. विझट्री मी सोडणार नाही. आणि 'डेव्हलपर गुन्हेगार' हे काकांनी मागे घ्यावं.

जुना जावावाला:
ती 9 जीबीची फाइल उघडा. त्यात "इथे आलो" छापाच्या ओळी सापडल्या नाहीत तर शब्द मागे घेतो.