व्हीएमला सिक्युअर बूट लावलं आणि बॅकअप अकरा दिवस बंद! छोट्यांना हे परवडतं का?

शिरोली_रात्रपाळी
शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं ईआरपी (हिशेब-स्टोअरचं सॉफ्टवेअर) आम्ही बघतो. क्लाउडवर चार उबुंटू व्हीएम, म्हणजे आभासी मशिनी. ऑडिटवाल्यानं सांगितलं म्हणून सगळीकडं सिक्युअर बूट (मशीन उठताना सही असलेलंच सॉफ्टवेअर चढू देणारी सोय) चालू केलं. मशिनी झकास उठल्या, आम्ही मिसळ खायला गेलो. अकराव्या दिवशी स्टोअरवाल्यानं उडालेली फाइल परत मागितली, तेव्हा कळलं: बॅकअप एजंटच्या कर्नल मॉड्यूलवर (सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, चढणाऱ्या तुकड्यावर) डिजिटल सही नाही, म्हणून ते लोडच होत नव्हतं. सर्व्हिस मात्र हिरवीगार. लॉगमध्ये रोज रात्री दोनला एकच ओळ, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस', म्हणजे सहीची किल्ली नाकारली.
माझं मत: चार व्हीएमवाल्यानं ह्या भानगडीत पडू नये.

टीपीएम_तात्या
भावा, अकरा दिवस लॉग कुणी बघितला नाही, त्यात सिक्युअर बूटचा काय दोष? बिनसहीचं मॉड्यूल आलं, त्यानं अडवलं. तेच त्याचं काम. बूटकिट, म्हणजे बूट होतानाच घुसणारा व्हायरस, कर्नलच्या आधी शिरतं, तिथं तुझा अँटिव्हायरस पोचत नाही.

उद्यमनगरी
तात्या, बूटहोल आठवतंय? जुलै 2020. ग्रबमधलं (लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरमधलं) भोक बुजवायला अपडेट आलं आणि त्यानंच रेड हॅटच्या काही मशिनी उठेनात. ऑफिसातलं मशीन असतं तर स्क्रीन लावून बघता येतं. क्लाउडवर सिरियल कन्सोल (बूट होताना दिसणारा लांबचा पडदा) आधीच चालू करून ठेवला नसेल तर डिस्क काढा, दुसऱ्या व्हीएमला जोडा.
मॉकमध्ये (मशीनमालकानं मान्य केलेल्या किल्ल्यांच्या यादीत) आपली की, म्हणजे सहीची किल्ली, नोंदवायची तर अजून मजा. रीबूटनंतर नोंदणीचा पडदा दहा सेकंद थांबतो आणि एसएसएच (लांबून लॉगिन करायची सोय) तेव्हा उठलेलंच नसतं. कागलच्या स्टँडवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसून मी तीनदा रीबूट मारलाय. तिन्ही वेळा हुकलं.

टीपीएम_तात्या
मॉक हवंय कशाला? मोठ्या क्लाउडवर इमेज बनवतानाच आपलं सर्टिफिकेट यूईएफआयच्या (मशीन उठवणाऱ्या फर्मवेअरच्या) डीबीत, म्हणजे मान्य सह्यांच्या यादीत, घालता येतं. मॉड्यूलला बिल्ड सर्व्हरवर (सॉफ्टवेअर बनवायच्या वेगळ्या मशिनीवर) सही कर आणि पाठव.

शिरोली_रात्रपाळी
आमच्याकडं कुठला आलाय बिल्ड सर्व्हर, तात्या? डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बनवणारं टूल) आपोआप सही करतं, पण त्याची खासगी की त्याच मशिनीवर पडलेली असते. ज्याला रूट, म्हणजे मशिनीचा पूर्ण ताबा, मिळालं, तो तीच की घेऊन स्वतःच्या मॉड्यूलला सही करणार. कुलूप लावायचं आणि किल्ली शेजारच्याच खिळ्याला!

टीपीएम_तात्या
हे मात्र खरं बोललास. मग की मशिनीवर ठेवूच नको. सही करायला एक जुना लॅपटॉप बास होतो, नेटवरनं काढलेला. कर्नल काय रोज बदलत नाही.

गूळ_आणि_ग्रब
निदान व्हीटीपीएम (व्हीएममधली आभासी सुरक्षा चिप) तरी चालू ठेवा. त्यावर चालणारं मेजर्ड बूट कुणाला अडवत नाही, फक्त काय काय चढलं त्याची नोंद ठेवतं. डिस्क एन्क्रिप्शनची की तेवढी पीसीआर 4 ला (त्या चिपमधल्या बूटलोडरच्या नोंदीला) बांधू नका. शिम (ग्रबच्या आधी चढणारा छोटा लोडर) किंवा ग्रब बदललं की मशीन पासवर्ड मागत बसतं. अनुभव आहे, विचारू नका.

शिरोली_रात्रपाळी
मंगळवारी ऑडिटवाल्याला उत्तर द्यायचंय. बाहेरून दिसणाऱ्या दोन व्हीएमवर सिक्युअर बूट ठेवतो, डेटाबेसवरचं सध्या काढतो. तात्या, तो जुना लॅपटॉप तुमच्याकडं आहे का?