मदत हवी आहे: न्यूट्रल अणू एकमेकांना ढकलतात कशानं?
लातूरला अकरावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. चार मूलभूत बलं सांगितली की एक पोरगं म्हणतंय, सर मग बैल गाडी ओढतो ते यातलं कोणतं? स्ट्राँग अन् वीक ही दोन बलं तर अणुकेंद्राच्या बाहेर पोचतच नाहीत, गुरुत्वाकर्षण खाली ओढतं, म्हणजे खुराखालचं घर्षण, जुवावरचा रेटा, दोराचा ताण हे सगळं विद्युतचुंबकीय, इथवर पटवलं. पण अणू तर न्यूट्रल ना, एकूण विद्युतभार शून्य, मग ढकलतात कसे! पुस्तकवाले एका ओळीत मोकळे झालेत, व्हिडिओत पाउलीचं अपवर्जन तत्त्व (दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत) सांगतात, अन् ते तर बल नाहीच म्हणे. क्वांटमचं गणित नको, पोरांना लई जड जातं, नीट-जेईईची ट्रिक पण नको. या ढकलण्यात विद्युत बलाचं काम कोणतं अन् पाउलीचं कोणतं, खोटं न सांगता अकरावीला कसं समजावू?