मदत हवी आहे: मुलींना वेदीसेवक म्हणून घेणारं चर्च नागपुरात कुठे आहे?

बदलीमुळे वसईहून मनीषनगरला आलोय. मी कॅथलिक, नवरा बौद्ध, लेक १० वर्षांची. वसईत ती वेदीसेवक होती, म्हणजे मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) वेदीजवळ फादरांना मदत करायची. मिस्सात घंटी वाजवताना चेहरा नुसता फुलायचा. इथे जवळच्या चर्चमध्ये "मुलींना घेत नाही" म्हणाले. रोमने (व्हॅटिकनने) १९९४ मध्येच मोकळीक दिलीय, पण निर्णय बिशप आणि त्या-त्या फादरांचा असतो, म्हणून मी वाद घातला नाही. सदरचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल पाहिलं, पण एका स्कूटरवर दर रविवारी लांब पडतं. मिस्सा मराठी, हिंदी, इंग्रजी कुठलीही चालेल. नवरा कम्युनियन (मिस्सात देतात ती पवित्र भाकर) घेत नाही, फक्त आमच्याशेजारी बसतो. त्याच्याकडे कुणी वळूनवळून बघू नये, एवढंच. वर्धा रोडच्या बाजूला असं चर्च कुणाला स्वतःच्या अनुभवाने माहीत आहे का?