दीड महिना फोन शेवयांच्या डब्यात: प्रयोग की नसती हौस?

इंदिरानगरकर

मुलांच्या परीक्षा संपल्या त्या रात्री आमच्या घरात ठराव झाला. १ मे ते १४ जून टीव्ही, मोबाइल, टॅब बंद. घरात आम्ही दोघं, आई, नववी दिलेला मुलगा आणि पाचवी दिलेली मुलगी. निरोपासाठी एक बटणांचा फोन. बायकोचा स्मार्टफोन फक्त पैसे द्यायला, तो कपाटाबाहेर आला की वहीत वेळ लिहायची. बाकी सगळे फोन आईच्या शेवयांच्या स्टीलच्या डब्यात, डबा माळ्यावर.

पहिली फजिती माझीच. माझा फोन बंद करायचा राहिला होता. रात्री साडेअकराला माळ्यावर डबा घूं घूं करायला लागला. आई उठून विचारते, "भुंगा शिरला का रे?" काढून पाहिला तर सोसायटीच्या ग्रुपवर टँकरवरून भांडण पेटलेलं. शिडीवर उभ्या उभ्या सगळं वाचलं. खाली मुलगी उभी होती. तिने वही आणली आणि लिहिलं: 'बाबा, २० मि.'

मुलगा पहिले चार दिवस बोललाच नाही. नंतर एकदम शांत झाला, म्हणून मी खूश. तो मित्राकडे आयपीएल बघायला जात होता हे मला मे संपताना कळलं.

मुलीचं मात्र सांगण्यासारखं आहे. एका सकाळी आमच्या नाशिकची पांडवलेणी चढलो. तिसऱ्या लेण्यातला भिंतीवरचा लेख बघून तिने विचारलं, "काय लिहिलंय?" खिशाकडे हात गेला, खिसा रिकामा. मग तिने जमतील तेवढी अक्षरं वहीत उतरवून घेतली. त्यात अधिकच्या चिन्हासारखं एक अक्षर पुन्हा पुन्हा दिसत होतं, म्हणून हा कुठल्यातरी राजाचा हिशेब आहे असं तिचं ठाम मत. चार दिवस घरात तोच विषय. पाचव्या दिवशी सावानात (सार्वजनिक वाचनालयात) गेलो, पुस्तक मिळालं. ते चिन्ह म्हणजे ब्राह्मीतला 'क'. आणि लेख गौतमी बलश्रीचा, तिचा मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याची थोरवी सांगणारा. पोरगी एवढी हिरमुसली की विचारू नका, तिला हिशेबच हवा होता.

माझं मत असं: मुलांचं सुटतं, आपलं सुटत नाही. आणि स्वतः हातात फोन धरून मुलांना "अर्धा तास झाला, ठेव" म्हणणं हा शुद्ध ढोंगीपणा. बंद तर सगळ्यांनी, आणि पूर्ण. तासांचे हिशेब आठवडाभरही टिकत नाहीत. बोला.

अंबडची पाळी

असहमत. वाचायला छान वाटलं, पण हे घरी माणूस असलेल्यांचं आहे.

मी एमआयडीसीत, बायको दुकानात कामाला. सकाळी दहा ते संध्याकाळी सात मुलगा एकटा, वय बारा. पारा चाळिशीला टेकलेला, ग्राउंडवर दुपारी कुत्रंही दिसत नाही. शिबिरांची फी विचारून आलो आणि गप्प बसलो. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला व्हिडिओ कॉल लावतो आणि म्हणतो, गॅसचं बटण दाखव. मग दाराची कडी दाखव. तुमच्या डब्यातला भुंगा तो माझा डोळा आहे साहेब. उरलेल्या वेळात तो व्हिडिओ बघतो, मला दिसतं, मला आवडत नाही. पण पर्याय सांगा.

गोदाकाठ

इंदिरानगरकर, भावनेशी सहमत, 'पूर्ण बंद'शी नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये काय केलं आठवा. संध्याकाळी सातला भोंगा, साडेआठपर्यंत गावातले टीव्ही-मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. फक्त दीड तास, पण सगळ्या गावाचा. तुमचा मुलगा मित्राकडे का गेला? कारण मित्राकडे चालू होतं! एका फ्लॅटने बंद ठेवलं की मूल शेजारच्या फ्लॅटमध्ये जातं. सोसायटीने मिळून दीड तास ठेवा, बघा टिकतं का नाही ते.

अंबडची पाळी

गावात भोंगा वाजवला तर ऐकू जातो. आमच्या बिल्डिंगमध्ये सातला निम्मी माणसं कामावरून आलेली नसतात, उरलेली निम्मी रात्रपाळीला निघालेली असतात.

चौसष्ट घरं

'स्क्रीन' हा शब्दच मला पटत नाही. उद्या तुम्ही 'कागद' बंद कराल आणि त्यात पाठ्यपुस्तक आणि जुगाराचे पत्ते एकत्र बांधाल.

माझी मुलगी बुद्धिबळ खेळते. हा ग्रँडमास्टर विदित गुजराथींचा गाव आहे, इथे पोरांना त्या खेळाचं वेड असणारच. तिच्या तोडीचे खेळाडू आमच्या कॉलनीत नाहीत, ऑनलाइन आहेत. दीड महिना बंद म्हणजे तिचा दीड महिना पाण्यात.

आणि लेण्याचा किस्सा गोड आहे, पण उलटाही वाचता येतो. फोन असता तर दोन मिनिटांत गौतमी बलश्री कळली असती आणि मग पुढचे प्रश्न सुरू झाले असते. त्या काळात राजाची आई लेख कसा कोरवते? गौतमीपुत्राने कोणाला हरवलं? चार दिवस 'क'पाशी अडकण्यात मोठं काय आहे?

इंदिरानगरकर

@चौसष्ट घरं, दोन मिनिटांत कळलं असतं, आणि तिसऱ्या मिनिटाला ती मांजरांचे व्हिडिओ बघत असती. माझ्या डोळ्यांदेखत असं शंभरदा झालंय. त्या चार दिवसांत तिने पानभर अक्षरं उतरवली, सारखी सारखी वेगळी काढली, आजीला शिकवली. उत्तर उशिरा मिळालं म्हणून प्रश्न तिचा राहिला.

बुद्धिबळाचं मान्य. तुमच्या घरी मी असा ठराव केला नसता.

निरीक्षक

जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलंय की मुलांना दिवसाला एकच तास द्या. विषय संपला.

चष्मेवाला

संपला नाही. तो एक तास २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमधला आहे आणि तो दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी. त्याहून लहानांना अजिबात नको असं त्यात आहे. नववीतल्या मुलाला तो आकडा लावू नका.

माझ्या धंद्यातलं सांगतो. मायनस नंबर लागायचं कारण फक्त मोबाइल नव्हे. जवळचं काम खूप आणि उघड्यावरचा उजेड कमी, दोन्ही नडतं. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायची मोहीम आहे, ती ह्याच कारणासाठी. म्हणजे फोन डब्यात घालून मुलं पडदे ओढलेल्या खोलीत दिवसभर मेंढीकोट खेळली तर डोळ्यांच्या हिशेबाने फार कमाई नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर बाहेर काढा. डोक्यावर टोपी हवीच. @अंबडची पाळी, तुमच्या कामाच्या वेळा बघता सकाळचा एक तास जमेल का? तेवढं झालं तरी मी दुपारच्या व्हिडिओवर तुमच्याशी भांडणार नाही.

सिडकोची ताई

मला एकच विचारायचंय. दीड महिना दोन मुलं घरात, टीव्ही नाही, मोबाइल नाही. त्यांचा वेळ भरला कोणी? धाग्यात बाबा आहेत, मुलगी आहे, आजी आहे, भुंगासुद्धा आहे. आईचा फक्त फोन आहे.

वहीवाली

ताई, जियो. मी ती आई. आज मुद्दाम आयडी काढला.

ह्यांनी सकाळी साडेनऊला डबा घेऊन निघायचं. ऑफिसात लॅपटॉपपुढे नऊ तास, आणि घरी येऊन उपास! दुपारी बारा ते पाच "आई, आता काय करू?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं ते वहीत लिहायला हवं होतं. भांडणं सोडवा, कैऱ्या किसा, पत्त्यांत चौथा भिडू व्हा. कुरडया घातल्या त्याही ह्याच काळात. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक गाळून ठेवलेला. पहाटे पाचला हाटायला घेतला तर मुलगा मदतीला आला आणि शेगडीपाशीच पेंगायला लागला, चिकाच्या झाल्या गाठी. निम्मा घाणा वाया. फोटोत हे आलं नसतं, पण फोनच नव्हता म्हणून फोटोही नाही.

सासूबाई तिसऱ्या दिवशीच शेजारी मालिकेला जायला लागल्या, स्वतःची चटई घेऊन. हे ह्यांना अजून माहीत नाही. आता कळेल.

तरी खरं सांगते, मुलगा त्या पहाटे जे बोलला ते वर्षभरात बोलला नव्हता. काय ते इथे लिहिणार नाही. पण पुढच्या वर्षी ठराव करायचा असेल तर ह्यांनी मेमध्ये पंधरा दिवस रजा टाकावी, मग मी हात वर करते.

गोदाकाठ

+१. चटईला वेगळे +१.

इंदिरानगरकर

चटईचं खरंच माहीत नव्हतं.

रजेचा मुद्दा बरोबर आहे, तो मी आधी लिहायला हवा होता. ऑफिसचा लॅपटॉप मी ठरावातून सोयीस्कर वगळला आणि इथे ढोंगीपणावर प्रवचन दिलं. 'सगळ्यांनी' हे अजून धरून आहे. 'पूर्ण' हा शब्द मागे घेतो.

@अंबडची पाळी, ह्या रविवारी सकाळी आठला आम्ही पुन्हा पांडवलेण्याला जातोय. चोवीस लेणी आहेत, मुलीची अजून तीनच झालीत. तुमच्या मुलाला घेऊन या. फोन आणलात तरी चालेल.

अंबडची पाळी

ह्या रविवारी फर्स्ट शिफ्ट आहे. पुढच्या रविवारी सुट्टी मिळतेय. तो विचारतोय, वही कुठली आणू, रेघांची की कोरी?

वहीवाली

कोरी.