प्रार्थना झाली की समेट? 'होम'मध्ये तसं नाही

श्रद्धेवरच्या कादंबऱ्यांत शेवटी एक प्रार्थना होते आणि बाप-लेक गळ्यात पडतात, असा आक्षेप घेतला जातो. तो बऱ्याच पुस्तकांना लागू आहे, पण अमेरिकन लेखिका मेरिलिन रॉबिन्सनच्या 'होम' या कादंबरीला (२००८) नाही. तिथे बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला (भरकटलेला मुलगा परततो, बाप त्याला मिठीत घेतो) अर्धाच घडतो. वीस वर्षांनी जॅक घरी येतो, निवृत्त पाद्री असलेला बाप क्षमेबद्दल बोलत राहतो, आणि निरोपाच्या वेळी लेकाने पुढे केलेला हात हातात घेतच नाही. आशीर्वाद मिळतो तो याच माणसांवरच्या तिच्या आधीच्या 'गिलियड' कादंबरीत (२००४), बापाच्या मित्राकडून, एम्सकडून. तोही बसची वाट बघताना.

कायद्याचा भागही इथे महत्त्वाचा आहे. काळ १९५६ चा. जॅकची जोडीदार डेला कृष्णवर्णीय, जॅक गोरा, दोघांना एक मुलगा. दोघांची भेट झाली त्या मिसुरी राज्यात असं लग्न बेकायदा होतं, १९६७ च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत. जॅकचं गाव ज्या राज्यात आहे त्या आयोवाने ती बंदी १८५१ मध्येच काढली होती. म्हणजे जॅक नुसता पस्तावून परतलेला नाही, गावात बिऱ्हाड थाटता येईल का हे चाचपायला आलाय. टीव्हीवर माँटगोमेरीच्या (अलाबामातल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या आंदोलनाच्या) बातम्या चालू असताना बाप जे बोलतो (आणि तो माणूस दुष्ट नाही, हीच पंचाईत), त्यात जॅकला उत्तर मिळतं.

वाचायचा क्रम विचाराल, तर आधी 'गिलियड'. डेलाची गोष्ट तिथे अखेरीस उघड होते, मग 'होम'मधलं जॅकचं प्रत्येक गप्प बसणं कळतं. उलट क्रमाने वाचलं, तर सुरुवातीच्या स्वयंपाकघरातल्या संथ संवादांतच पुस्तक मिटून ठेवावंसं वाटू शकतं.