वाढदिवसाच्या गमतीच्या ओळी : थोरामोठ्यांवर हसावं का?

पेटीवाली (अमळनेर)

नमस्कार. अमळनेरला माझ्या घराच्या ओसरीवर गाण्याचा क्लास चालतो. पाचवी ते आठवीची चौदा मुलं येतात. दोन वर्षांपासून आमच्याकडे एक रिवाज पडलाय. कुणा मोठ्या गायकाचा, वादकाचा, संगीतकाराचा वाढदिवस आला की आधी फळ्यावर त्यांच्यासाठी गमतीच्या ओळी, मग अलंकार-पलटे, म्हणजे स्वरांचा सराव. ओळी मुलांनीच जुळवायच्या. अटी दोन : माहिती खरी हवी, आणि टाळीवर म्हणता आली पाहिजे.

चाल बहुतेक वेळा अभंगाची. सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक. हे मला शिकवावं लागलंच नाही. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा असते, बोरी नदीचं पात्र माणसांनी भरतं. तो ठेका पोरांच्या कानात आधीच बसलेला. गेल्या एप्रिलचा हा बघा :

सातला सतार । आठला कुमार ।
एप्रिल हा फार । भाग्यवान ॥
दहाला किशोरी । नववी कोणाची? ।
आमच्या पेटीची । भाता शिवू ॥

७ एप्रिल रविशंकर (१९२०), ८ एप्रिल कुमार गंधर्व (१९२४), १० एप्रिल किशोरीताई आमोणकर. मधली नऊ तारीख रिकामी दिसली म्हणून मुलांनी ती पेटीला देऊन टाकली. आणि खरोखरच त्या दिवशी आम्ही भाता उघडला. आपल्याकडच्या उन्हाने घडीच्या कोपऱ्यांवरचं चामडं पापडासारखं कडक झालं होतं, बोट लावलं की तुकडा हातात. चौदा डोकी त्या पेटीवर वाकलेली होती. सरस लावून पट्ट्या बसवल्या. त्या दिवसापासून 'हवा कुठून येते, सूर कुठून येतो' हे एकाही मुलाला सांगावं लागत नाही.

आता अडचण. ४ फेब्रुवारीला भीमसेनजींसाठी सहावीतल्या एका मुलाने लिहिलं :

अकराव्या वर्षी । भीमसेन पळे ।
गुरू कुठे मिळे । शोधावया ॥
आम्हीही अकरा । दळण आणाया ।
लागतो रडाया । चौकातच ॥

हा मुलगा रोज कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) दळण घेऊन गिरणीवर जातो आणि चौकात एक कुत्रं त्याच्या मागे लागतं. म्हणजे ओळ शंभर टक्के खरी. सगळे पोट धरून हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवशी एका मुलीचे आजोबा आले. म्हणाले, "भारतरत्नाला 'पळे' म्हणता? पंडितजी नाही, काही नाही. आणि पोरांना घर सोडायला शिकवता?" मी पाणी दिलं, ऐकून घेतलं. मुलगी दोन दिवस आली नाही.

फळा मी अजून पुसलेला नाही. तुम्ही काय केलं असतं?

चाळीसगावचे सर

ताई, छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून थोडं हक्काने लिहितो.

अशा कवितेत मी एकच गोष्ट बघतो : हसू कोणावर पडतंय? इथे ते दळणाच्या डब्यावर आणि कुत्र्यावर पडतंय. भीमसेनजी जिथे आहेत तिथेच आहेत, उलट शेजारी ते रडणारं पोर उभं राहिल्याने जास्त उंच दिसतात. म्हणून कविता पुसू नका.

पण आजोबांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. 'पळे' हा शब्द चुकलाय. शाळेतून पळतात, कामातून पळतात. ते १९३३ साली घरातून निघाले, ग्वाल्हेर, जालंधरपर्यंत भटकले आणि शेवटी गुरू मिळाले ते कुंदगोळला, सवाई गंधर्व, १९३६ मध्ये. म्हणजे घराजवळच! हे तीन वर्षांचं पायपीट करणं 'पळे'मध्ये मावत नाही. मुलाला विचारा, असं चालेल का :

अकराव्या वर्षी । भीमसेन निघे ।
गुरू कुठे बघे । गावोगाव ॥

आणि ते जालंधर-कुंदगोळचं मुलांना नकाशावर दाखवा. घर सोडणं म्हणजे काय ते बोट फिरवताना आपोआप कळेल.

तापीकाठ (शिरपूर)

ताई, 'पंडितजी' न लिहिल्याचं मनाला लावून घेऊ नका. सहा अक्षरांत 'पंडित' आणि 'भीमसेन' दोन्ही बसत नाहीत. आणि अभंगाची रीतच ती आहे. तुका म्हणे, नामा म्हणे. प्रत्यक्ष पांडुरंगाला आपण विठू म्हणतो.

आमच्याकडे २८ सप्टेंबरला असंच चालतं. लताबाईंचा जन्म इंदूरचा, १९२९ चा, पण आई माई मंगेशकर आमच्या तालुक्यातल्या थाळनेरच्या. म्हणजे लताबाईंचं आजोळ तापीच्या काठावर. आमच्या पोरांची अहिराणी ओळ :

इंदूरनी पोर । थायनेरी नात ।
गाव सांगे बात । आम्ही मामा ॥

आता सांगा, यात कोणाचा अपमान झाला? आईचं गाव म्हटलं की अख्खं गाव मामा, ही आपली रीतच. उलट त्या दिवशी पोरं कॉलर ताठ करून फिरतात.

चाळीसगावचे सर

शिरपूरकर, ओळ झकास. पण 'तुका' हे तुकोबांनी स्वतःला म्हटलंय, आपण त्यांना तुकाराम महाराज म्हणतो. हा फरक मुलांना सांगावा. फळ्यावर वरच्या ओळीत पूर्ण नाव, पंडित-उस्ताद-गानसम्राज्ञी जे असेल ते, जन्मतारीख आणि गाव लिहा. खाली अभंगात मोकळीक घ्या.

भुसावळ जंक्शन

इथे रेल्वे कॉलनीत लहानपणी शेजारी पियानो होता, त्यामुळे माझी यादी जरा निराळी. मुलांना इटलीचा संगीतकार रोसिनी द्या. जन्म २९ फेब्रुवारी १७९२. गंमत जुळवावी लागतच नाही, कॅलेंडरनेच करून ठेवलीय. १८०० हे लीप वर्ष नव्हतं, म्हणून एकदा तर बिचाऱ्याला सलग आठ वर्षं थांबावं लागलं. १८६८ च्या नोव्हेंबरमध्ये वारला तेव्हा वय शहात्तर, पण खऱ्या तारखेचे वाढदिवस मोजा, अठराच भरतात. मी मुलीसोबत बोटं मोडून मोजले आणि मग आम्ही लिहिलं, सोळा-सोळा मात्रांत :

शहात्तरीचा रोसिनी तरी
वाढदिवस ते अठराच घरी!
फेब्रुवारीस दया न माया,
केक एकदा, बाकी वाया.

माझ्या मुलीला लीप वर्षाचा नियम यातून कायमचा कळला. आणि बीथोवेनवर लिहाल तर जपून : १७ डिसेंबर १७७० ही त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख आहे. जन्माच्या दिवसाची नोंदच नाही, तेव्हा 'वाढदिवस' लिहिलात तर तुमची पहिली अट मोडते.

पेटीवाली (अमळनेर)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज क्लासमध्ये काय झालं ते सांगते.

सरांची ओळ मुलापुढे ठेवली. त्याने टाळी वाजवून तीनदा म्हणून बघितली. 'निघे, बघे' त्याला आवडलं. 'गावोगाव'वर मात्र अडला. म्हणाला, "बाई, ते गावं नाहीत, शहरं आहेत." मग नकाशा काढला. गदगवर बोट ठेवून ग्वाल्हेर, तिथून जालंधर, परत खाली कुंदगोळ. सगळं बघून झाल्यावर तो म्हणाला, "राहू द्या, गावोगावच." दळणाच्या दोन ओळींना हात लावू दिला नाही, आणि मीही लावला नाही.

वर पूर्ण नाव लिहिलंय : पंडित भीमसेन जोशी, ४ फेब्रुवारी १९२२, गदग. ही सरांची सूचना मी कायमची घेतली. आजोबांकडे संध्याकाळी स्वतः गेले होते, नवीन ओळी कागदावर लिहून. त्यांनी चष्मा लावून वाचल्या, 'चौकातच'ला ओठ हलले. हो-नाही काही बोलले नाहीत. मुलगी उद्या येते म्हणाली.

शिरपूरकर दादा, सप्टेंबरमध्ये तुमची थाळनेरची ओळ आमच्या फळ्यावर, तुमच्या गावाच्या नावाने. रोसिनीची लीप वर्षासाठी जपून ठेवतेय. आणि आता एक विचारायचंय. भात्याला डाव्या कोपऱ्यात पुन्हा चीर दिसतेय आणि नऊ एप्रिल काही लांब नाही. भुसावळला पातळ, मऊ चामडं कुठे मिळेल? इथे चपलांचं जाड मिळतं, ते घडीला वाकत नाही.